आवक आणि जावक : घरच्या इंटरनेटच्या दोन वेगांचा पाठ

(इयत्ता ६ वी व ७ वी. विषय : सामान्य विज्ञान व अंकगणित. कालावधी : दोन तासिका व एक गृहपाठ.)

पाठाचे उद्देश

१. इंटरनेटला एक नव्हे, दोन वेग असतात हे मुलांच्या ध्यानी आणून देणे.
२. घरातून बाहेर माहिती पाठविण्याचा वेग बहुधा कमी का असतो, याची कारणे सोप्या प्रयोगाने समजावणे.
३. हा दुसरा वेग मोजण्याची, त्याचे गणित करण्याची व त्याविषयी विचारपूस करण्याची सवय मुलांस व त्यांच्या द्वारा पालकांस लावणे.

शिक्षकांसाठी पूर्वविवेचन

प्रत्येक शाळेच्या कार्यालयात आवक-जावक नोंदवही असते. वरिष्ठ कार्यालयाचे पत्र आले की त्याची नोंद आवकेत होते. शाळेने उत्तर धाडले की त्याची नोंद जावकेत होते. एखाद्या शाळेच्या नोंदवहीत आवकेची पाने भरलेली आणि जावकेची कोरी आढळली, तर त्या शाळेचा कारभार नीट चालला आहे असे कोणीही म्हणणार नाही. आलेल्या पत्रास उत्तर गेलेच नाही, तर ते पत्र येऊन काय साधले?

घरच्या इंटरनेटलाही अशीच दोन पाने आहेत. चित्रपट, गाणी, बातम्या, हवामानाचा अंदाज, पाठ्यपुस्तकाची पाने हे सर्व बाहेरून घरात येते. ही आवक, म्हणजे डाऊनलोड. मुलाने गुरुजींस पाठविलेला गृहपाठ, आजीने डॉक्टरांस दाखविलेला सुजलेला पाय, वडिलांनी शेतातून धाडलेले पिकाचे छायाचित्र, भावाशी दृक्-संभाषण करताना आपला चेहरा व आपला आवाज, हे सर्व घरातून बाहेर जाते. ही जावक, म्हणजे अपलोड. दुकानावरील फलकावर, जाहिरातीत आणि लोकांच्या बोलण्यात जो एक मोठा आकडा असतो, तो बहुधा आवकेचा. जावकेचा आकडा क्वचितच कोणी विचारतो. परिणामी पुष्कळ घरांत सर्व काही ऐकू येते व दिसते, परंतु त्या घराचे म्हणणे बाहेर नीट पोचत नाही.

खान्देशातील मुलांस ही गोष्ट समजावणे अवघड नाही. हा प्रदेशच मुळी बाहेर पाठविण्यावर जगतो. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतील केळी रेल्वेने व ट्रकने उत्तर हिंदुस्थानात जातात. धुळे-जळगावचा कापूस दूरच्या गिरण्यांत जातो. गावात माल आणणारा रस्ता रुंद आणि गावातून माल नेणारा रस्ता अरुंद असता, तर केळीचे घड बांधावरच पिकून गेले असते. इंटरनेटच्या बाबतीत मात्र असा रस्ता आपल्या दारी आहे आणि त्याची आपणांस जाणीवही नाही.

जावक मंद का असते ?

याची कारणे तीन प्रकारची आहेत. ती शिक्षकांनी आधी स्वतः समजून घ्यावीत.

पहिले कारण ऐतिहासिक आहे. भारतात घरोघरी ब्रॉडबँड देण्यास भारत संचार निगमने जानेवारी २००५ मध्ये आरंभ केला, तो दूरध्वनीच्या जुन्या तांब्याच्या तारांवरून. या तंत्राला एडीएसएल म्हणतात. त्यातील पहिल्या अक्षराचा अर्थच ‘असमान’ असा आहे. आवक जास्त व जावक कमी ठेवावी ही कल्पना १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील बेलकोर या संशोधनसंस्थेतील जोसेफ लेकलायडर यांनी मांडली. त्यामागे विचार होता. दूरध्वनी केंद्रापाशी शेकडो तारा एकाच जुडग्यात येतात. दूरच्या घरातून निघालेला संदेश तेथे पोचेपर्यंत क्षीण झालेला असतो, आणि केंद्रातून निघणारे ताजे, जोरकस संदेश शेजारच्या तारांतून जात असल्याने तो त्यांच्या कलकलाटात बुडतो. म्हणून येणाऱ्यास थोडी व जाणाऱ्यास पुष्कळ जागा द्यावी, म्हणजे एकूण काम अधिक होईल, असे ठरले. शिवाय त्या काळी अशी अपेक्षा होती की घरातील माणसे तारेवरून चित्रपट पाहतील. ती स्वतः काही पाठवतील असे फारसे कोणाच्या मनात नव्हते. या तंत्राच्या १९९९ च्या मानकानुसार आवक सेकंदास सुमारे ८ मेगाबिटपर्यंत, तर जावक सुमारे १ मेगाबिटपर्यंतच जाई.

दुसरे कारण मोबाइलचे. गावांत बहुसंख्य घरांचे इंटरनेट म्हणजे मोबाइलच होय. मोबाइलचा मनोरा कित्येक वॅट शक्तीने बोलतो. हातातील फोन मात्र साधारणपणे जास्तीत जास्त एक पंचमांश वॅट इतक्याच शक्तीने उत्तर देतो. फोनची विजेरी लहान, आणि तो शरीराजवळ धरावयाचा, म्हणून त्याची शक्ती मर्यादितच ठेवावी लागते. मनोरा म्हणजे जत्रेतील ध्वनिवर्धक आणि फोन म्हणजे गर्दीतून त्याला हाक मारणारे लहान मूल, असे म्हणता येईल. ध्वनिवर्धक सर्वांस ऐकू जातो. मुलाची हाक जवळ असेल तरच पोचते. म्हणून जाड मातीच्या भिंतींच्या धाब्याच्या घरात आवक बरी चालते, पण दृक्-संभाषणात आपलेच चित्र थिजते. आणि अंगणात किंवा धाब्यावर गेले की ते सुधारते. यांखेरीज, काही मोबाइल जाळ्यांत एकच रेडिओलहरींचा पट्टा आवक व जावक यांस आळीपाळीने दिला जातो, आणि त्यातील बराच वेळ आवकेसाठी राखलेला असतो.

तिसरे कारण सामाईकपणाचे. काचतंतूचे, म्हणजे फायबरचे इंटरनेट हे या तिन्हींत उत्तम. त्यातून माहिती प्रकाशाच्या रूपाने जाते. एकाच तंतूत एका रंगाचा प्रकाश घराकडे येतो व दुसऱ्या रंगाचा घराकडून जातो, म्हणून त्यांची टक्कर होत नाही. हे दोन्ही प्रकाश डोळ्यांस न दिसणारे असतात. परंतु एक तंतू बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटलेला असतो. जीपॉन या प्रचलित पद्धतीत त्या सर्व घरांस मिळून आवक सेकंदास सुमारे २.५ गिगाबिट व जावक सुमारे १.२५ गिगाबिट, म्हणजे निम्मी असते. आणि जावकेत प्रत्येक घराला आपल्या पाळीची वाट पाहावी लागते. तथापि ही क्षमता इतकी मोठी आहे की फायबरच्या पुष्कळ योजनांत प्रत्येक घराला आवक व जावक सारखीच देता येते. केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केलेली व पुढे भारतनेट या नावाने ओळखली गेलेली योजना हाच काचतंतू ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याची आहे. ग्रामपंचायतीपासून घरापर्यंतचे अंतर भरून निघेल तेथे जावकेचा प्रश्न बराच सुटेल.

जावकेवाचून काय अडते ?

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा हा प्रश्न प्रथमच सर्वांच्या समोर आला. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या उपक्रमातून मुलांस रोज अभ्यास पाठविण्यात आला. जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीची मालिका दाखविण्यात आली. हे काम मोलाचे होते. परंतु दूरदर्शनला जावक नसते. मूल पाहू शकते. विचारू शकत नाही. जेथे फोनवर वर्ग भरले तेथेही पुष्कळ घरी तोच अनुभव आला. गुरुजी दिसत, त्यांचा आवाज येई. पण मूल उत्तर देऊ लागले की शब्द तुटत, चित्र थांबे आणि गुरुजी पुढच्या मुलाकडे वळत. चार दिवस असे झाले की मूल आपला आवाज बंदच ठेवू लागे. हजेरीत ते उपस्थित. शिकण्यात ते अनुपस्थित. ज्या पाड्यांवर इंटरनेट नव्हतेच, तेथे कित्येक शिक्षकांनी स्वतः जाऊन ओट्यांवर व झाडांखाली मुले जमविली. तेथे मुलांस प्रश्न विचारता आला. ऐकू येणे म्हणजे वर्गात असणे नव्हे, उत्तर देता येणे म्हणजे वर्गात असणे, हा त्या दोन वर्षांचा धडा शिक्षकांनी विसरू नये.

धुळे जिल्ह्यात गेल्या दशकात ग्रामस्थांच्या वर्गणीतून जिल्हा परिषदेच्या शाळांत प्रोजेक्टर, पडदे व संगणक आले, ही अभिमानाची गोष्ट आहे. मात्र पडदा हाही मुख्यतः आवकेचेच साधन आहे. त्याच शाळेतील मुलांनी केलेला प्रयोग, म्हटलेले गाणे किंवा विचारलेली शंका दुसऱ्या शाळेस दाखवावयाची झाल्यास जावक लागते.

शाळेबाहेरही हेच दिसते. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या ई-संजीवनी या सरकारी सेवेतून गावातील रुग्णास दूरच्या डॉक्टरांचा सल्ला घेता येतो. येथे रुग्णास डॉक्टर स्पष्ट दिसले, एवढ्याने भागत नाही. डॉक्टरांस रुग्ण स्पष्ट दिसला पाहिजे. अंगावरील पुरळ लाल आहे की काळपट, मुलाची छाती श्वास घेताना किती आत ओढली जाते, हे अंधूक, थिजलेल्या चित्रावरून कसे कळावे? तपासणीचे सारे काम जावकेवर अवलंबून आहे.

राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाची नोंद व छायाचित्र मोबाइलवरून पाठवावयाचे. या नोंदीवरून सातबाऱ्यावर पीक चढते. मुदत संपत आली की पुष्कळ शेतकरी एकाच वेळी पाठवू लागतात, आणि बांधावर उभा असलेला मनुष्य फिरते चक्र पाहत राहतो. जुलै २०२४ पासून ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज भरले गेले, तेव्हाही गावोगावी कागदपत्रांची छायाचित्रे अशीच चढवावी लागली. विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला, शाळेची स्वतःची यू-डायसची माहिती, या सर्वांत नागरिक घेणारा नसून देणारा आहे. सरकारकडून लाभ मिळण्यापूर्वी आपली माहिती सरकारकडे पोचली पाहिजे. म्हणजे येथे आवकेचे दार जावकेच्या किल्लीने उघडते.

अखेरची गोष्ट भाषेची. अहिराणीतील गाणी व विनोदी चित्रफिती आज खान्देशाबाहेरही पाहिल्या जातात. त्या जळगाव, धुळे व मालेगावकडील तरुणांनी तयार करून आपल्याच भागातून इंटरनेटवर चढविल्या. ज्या बोलीचे लोक केवळ पाहतात, पण काही पाठवीत नाहीत, ती बोली इंटरनेटवर मुकी राहते.

जावक तुंबली की आवकही अडते

पुष्कळांचा समज असा असतो की आमच्या घरी कोणी काही पाठवीत नाही, तेव्हा जावक कमी असली तरी बिघडत नाही. हा समज दोन कारणांनी चुकीचा आहे.

पहिले असे की, इंटरनेटवरून आलेली माहिती पोचपावतीच्या पत्रासारखी असते. माहितीचे काही तुकडे पोचले की आपला फोन ‘पोचले’ असा लहानसा संदेश उलट पाठवितो. तो मिळाल्यावर पाठविणारा पुढील तुकडे सोडतो. पोचपावती रखडली की पाठविणारा थांबतो किंवा सावकाश पाठवितो. अर्थात जावकेचा रस्ता तुंबला तर आवकही मंदावते.

दुसरे असे की, घरातील फोन कोणास न सांगता पुष्कळ काही पाठवीत असतात. ताईने लग्नात काढलेली दोनशे छायाचित्रे घरी येताच फोन आपोआप दूरच्या साठवणीत चढवू लागतो. त्याच वेळी धाकटा भाऊ दृक्-वर्गास बसलेला असतो. छायाचित्रांच्या रांगेमागे त्याचा आवाज अडकतो. घरचे म्हणतात, ‘आज नेट खराब आहे.’ वस्तुतः नेट तेच असते; जावकेच्या अरुंद दारात गर्दी झालेली असते.

किती जावक पुरेशी ?

येथे अतिशयोक्ती टाळावी. प्रत्येक घरास फार मोठा आकडा लागतो असे नाही. एका चांगल्या दृक्-संभाषणास जावक सेकंदास सुमारे एक ते दीड मेगाबिट लागते. एका वेळी दोघे बोलत असतील व तिसरा काही पाठवीत असेल, तर पाच मेगाबिट असल्यास ओढाताण होत नाही. मात्र हा वेग रात्री आठ वाजताही टिकला पाहिजे. केवळ पहाटे मिळणाऱ्या मोठ्या आकड्याचा उपयोग थोडा.

सरकारी व्याख्यांत या दुसऱ्या वेगाची दखल कशी घेतली गेली, हे पाहण्याजोगे आहे. भारताच्या २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात सेकंदास किमान २५६ किलोबिट वेग असेल तर ब्रॉडबँड म्हणावे असे ठरले. २०१३ मध्ये ही मर्यादा ५१२ किलोबिट व जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट झाली. तिन्ही व्याख्यांतील आकडा आवकेचा आहे. जावकेस किमान मर्यादा त्यांत नाही. अमेरिकेत मात्र दोन्ही आकडे सांगण्याची पद्धत आहे : २०१५ मध्ये तेथे आवक २५ व जावक ३ मेगाबिट ही मर्यादा होती, ती मार्च २०२४ मध्ये आवक १०० व जावक २० मेगाबिट अशी झाली. नऊ वर्षांत तेथे आवकेची अपेक्षा चौपट, तर जावकेची जवळजवळ सातपट वाढली, यावरून घराघरांतील गरज कोणत्या दिशेने वाढत आहे हे दिसून येते.

प्रत्यक्ष पाठ

*प्रस्तावना.* शिक्षकांनी कार्यालयातील आवक-जावक नोंदवही वर्गात आणून मुलांस दाखवावी व विचारावे : ‘मुलांनो, हिला दोन भाग का?’ उत्तरे आल्यावर फळ्यावर दोन रकाने आखावेत आणि मुलांच्या घरी मोबाइलवर काय काय केले जाते ते मुलांकडूनच त्या त्या रकान्यात लिहवून घ्यावे. दृक्-संभाषण कोणत्या रकान्यात, यावर मुलांत मतभेद होईल. तो होऊ द्यावा. ते दोन्ही रकान्यांत येते, हे शेवटी मुलांनीच सांगावे. एखादा मुलगा आपला अनुभव अहिराणीत सांगेल : ‘गुरुजी, तुमना आवाज येस, पन मना जात नही.’ त्यास थांबवून प्रमाणभाषेत बोलावयास लावू नये. हेच वाक्य फळ्यावर लिहावे. सर्व पाठाचे सार त्यात आले आहे.

*प्रयोग.* वर्गात ३६ मुले आहेत असे धरू. शिक्षकांनी दहा शब्दांचे एक वाक्य मोठ्याने वाचावे. एका मुलाने घड्याळ लावावे. सुमारे दहा सेकंदांत ते वाक्य ३६ जणांस पोचते. आता प्रत्येक मुलाने दहा शब्दांचे आपले उत्तर शिक्षकांस सांगावे. प्रथम सर्वांस एकदम बोलू द्यावे. केवळ गोंगाट होईल व काहीच कळणार नाही. नंतर एकेकास पाळीने बोलू द्यावे. दहा सेकंदांप्रमाणे ३६ जणांस ३६० सेकंद, म्हणजे सहा मिनिटे लागतील. मनोऱ्याची किंवा केंद्राची अडचण हीच : बोलणारा एक असला की सोपे, पुष्कळांचे एकाने ऐकावयाचे झाले की पाळ्या लावाव्या लागतात.

येथे एक भेद सांगावा. शिक्षक सर्वांस एकच वाक्य सांगतात. मनोरा प्रत्येक घरास निरनिराळी माहिती देतो. परंतु देणारा एकटा असल्यामुळे कोणास केव्हा द्यावयाचे हे तोच ठरवितो, म्हणून टक्कर होत नाही. यानंतर वर्गाच्या शेवटच्या बाकावरील मुलास अगदी हळू आवाजात उत्तर देण्यास सांगावे. ते ऐकू येत नाही; तोच मुलगा पुढे आला की ऐकू येते. फोनची शक्ती थोडी असणे म्हणजे काय, हे मुलांस येथे उमजेल.

*गणित.* वेग बिटमध्ये मोजतात, माहितीचा आकार बाइटमध्ये. आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. हा आठाचा गुणाकार विसरल्यामुळे मोठी माणसेही फसतात. नमुना उदाहरण : ५ मेगाबाइटचे छायाचित्र सेकंदास १ मेगाबिट जावकेने पाठविण्यास किती वेळ लागेल? ५ × ८ = ४० मेगाबिट; ४० ÷ १ = ४० सेकंद. तीच जावक २० मेगाबिट असल्यास केवळ २ सेकंद. प्रत्यक्षात यापेक्षा थोडा अधिक वेळ लागतो, कारण रस्त्यावर इतरांचीही ये-जा असते, हे सांगावे.

*मोजणी.* भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१६ मध्ये ‘मायस्पीड’ नावाचे ॲप काढले. त्यावर दोन्ही वेग दिसतात. पालकांच्या अनुमतीने व त्यांच्या समक्ष मुलांनी घरी तीन वेळा मोजणी करावी : सकाळी सहा, दुपारी दोन व रात्री आठ. शक्य तर एकदा घरात व एकदा अंगणात. मोजणीस थोडा डेटा खर्च होतो, म्हणून तीन-चारपेक्षा अधिक वेळा करू नये. ज्यांच्या घरी असा फोन नाही त्यांनी शेजारच्या मुलाच्या मोजणीचा तक्ता लिहावा. फोन नसल्याबद्दल कोणास वर्गात कमीपणा वाटू देऊ नये. दुसऱ्या तासिकेस सर्वांचे आकडे एकत्र करून गावाचा तक्ता तयार करावा. कोणत्या गल्लीत, कोणत्या वेळी जावक पडते, हे त्यातून दिसेल. हा तक्ता मुलांच्या हाताने झालेला गावाचा खरा अभ्यास होय.

पालकसभेत सांगावयाच्या गोष्टी

नवी जोडणी घेताना ‘वेग किती?’ एवढेच न विचारता ‘आवक किती, जावक किती?’ असे दोन प्रश्न विचारावेत. छायाचित्रांची आपोआप होणारी साठवण रात्री उशिराची ठेवावी. महत्त्वाचे संभाषण असेल तेव्हा घरातील इतरांनी मोठ्या चित्रफिती पाठवू नयेत. वायफायची पेटी कपाटात किंवा धान्याच्या कोठीमागे न ठेवता घराच्या मध्यभागी उंचावर ठेवावी. अर्जासोबतची छायाचित्रे लहान आकाराची करून पाठवावीत, आणि मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. संभाषण तुटू लागल्यास आपले चित्र बंद करून केवळ आवाज ठेवावा. आवाजास जावक फार थोडी लागते. ठरलेला वेग मिळत नसेल तर सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा. दाद न मिळाल्यास त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. तक्रारीसोबत मुलांनी केलेला तीन वेळांचा तक्ता जोडल्यास तिला वजन येते.

उजळणीचे प्रश्न

१. आवक व जावक यांत भेद काय? घरातील प्रत्येकी तीन उदाहरणे द्या.
२. ध्वनिवर्धक व लहान मूल यांच्या दृष्टान्तात मनोरा कोणता व फोन कोणता?
३. घरात कोणी काहीच पाठवीत नसले तरी जावक का लागते?
४. डॉक्टरांशी दृक्-संभाषण करताना रुग्णाच्या बाजूस कोणता वेग अधिक महत्त्वाचा, व का?

स्वाध्याय

१. ६० मेगाबाइटची चित्रफीत सेकंदास २ मेगाबिट जावकेने किती वेळात जाईल? २० मेगाबिट जावकेने? (उत्तर : ४ मिनिटे, २४ सेकंद.)
२. एका शाळेने प्रत्येकी ३ मेगाबाइटची २४ छायाचित्रे सेकंदास ३ मेगाबिट जावकेने पाठविली. वेळ काढा. प्रत्येक छायाचित्र ०.३ मेगाबाइटचे केले असते तर? (उत्तर : ३ मिनिटे १२ सेकंद, १९.२ सेकंद.)
३. आपल्या गावाहून बाहेर जाणाऱ्या वस्तूंची व माहितीची दोन निरनिराळ्या रकान्यांत यादी करा.

समारोप

पाठाच्या अखेरीस मुलांच्या मनावर एकच गोष्ट ठसवावी. इंटरनेट ही घरात बसून पाहावयाची खिडकी तर आहेच, पण ते बोलावयाचे दारही आहे. खिडकी किती मोठी, हे सर्वजण सांगतात. दार किती रुंद, हे आपणच विचारावे लागते. ज्या मुलाच्या घरातून उत्तर बाहेर पोचत नाही, त्याला प्रश्नच पडत नाहीत असा समज शिक्षकांनी कधीही करून घेऊ नये. पाठानंतर नोंदवही कार्यालयात परत ठेवताना तिचे जावकेचे पान मुलांस पुन्हा एकदा दाखवावे, आणि गावाचा तक्ता ग्रामपंचायतीस पाठविण्याचे पत्र त्यांच्याकडूनच लिहवून घेऊन त्याची नोंद त्याच पानावर त्यांच्या हस्ते करावी.